जबड्याच्या सांध्याचा इतिहास : बजबज ते सियालदह

हुगळीच्या पूर्व काठावरचे बजबज हे तागाच्या गिरण्यांचे आणि तेलाच्या टाक्यांचे गाव. येथून सुटणारी लोकल सियालदहला जाऊन थांबते. १८९७ च्या फेब्रुवारीत विवेकानंद परदेशातून परतले तेव्हा याच धक्क्यावर उतरले आणि आगगाडीने सियालदहला गेले. १९१४ च्या सप्टेंबरात ‘कोमागाता मारू’च्या उतारूंवर गोळीबार झाला तोही येथेच. या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सियालदह स्थानकाजवळ, आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावर डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय उभे आहे. चावताना कानाच्या पुढे कळ येते, जांभई देताना ‘टक्’ असा आवाज होतो, किंवा तोंड पुरते उघडतच नाही, अशी तक्रार घेऊन गल्लीतल्या दवाखान्यांतून फिरलेला बजबजचा माणूस बहुधा याच दाराशी पोहोचतो. त्याचे दुखणे नेमके काय आहे, हे ओळखायला वैद्यकाला इतका काळ का लागला आणि त्या काळात किती रुग्णांना नाहक भोगावे लागले, याची हकीकत सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच. मी दंतवैद्य नव्हे. पदार्थविज्ञानाचा अभ्यासक आहे. परंतु या सांध्याचा इतिहास बराचसा उपकरणांचा इतिहास आहे, आणि उपकरण काय दाखवते व काय दाखवत नाही, हा प्रश्न आमच्या घरचाच आहे.

प्रथम सांध्याची ओळख करून घेऊ. संस्कृतात जबड्याला ‘हनु’ म्हणतात. आपली ‘हनुवटी’ त्यातूनच आली, आणि इंद्राच्या वज्राचा घाव हनूवर बसला म्हणून मारुतीचे नाव हनुमान झाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खालच्या जबड्याचे हाड एकच, पण त्याची दोन्ही टोके कवटीला दोन निरनिराळ्या ठिकाणी, दोन्ही कानांच्या किंचित पुढे, जोडलेली असतात. म्हणजे डावा सांधा हलला की उजव्यालाही हलावेच लागते. शिवाय हा सांधा नुसती बिजागरी नाही. तोंड उघडू लागताच हाडाचे गोल टोक आधी जागच्या जागी फिरते. पुढे आणखी उघडताना ते खोबणीतून निघून समोरच्या उंचवट्यावरून खाली व पुढे घसरते. फिरणे आणि घसरणे या दोन्ही क्रिया सुरळीत व्हाव्यात म्हणून हाडांच्या मध्ये चिवट तंतूंची एक लहानशी चकती असते. निरोगी प्रौढाचे तोंड वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. आपलीच तीन बोटे उभी धरून आत जातात का, ही त्याची घरगुती परीक्षा.

गोल टोक उंचवट्याच्या पलीकडे जाऊन अडकले की तोंड उघडे ते उघडेच राहते. ही अवस्था माणसाने फार पूर्वी ओळखली होती. इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितात, अशा रुग्णाच्या तोंडात अंगठे व हनुवटीखाली बोटे धरून जबडा जागी बसवण्याची कृती दिली आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत तीच कृती येते. सुश्रुतसंहितेत निखळलेला हनुसंधी शेकून, जागी बसवून त्यावर पंचांगी नावाचा बंध बांधावा असे सांगितले आहे. आजचा दंतवैद्यही याच पद्धतीने अंगठे लावतो. याउलट तोंड बंदच राहणे, म्हणजे आपली ‘दातखीळ’, आयुर्वेदाने वाताच्या विकारांत हनुग्रह म्हणून नोंदवली. त्यात धनुर्वातासारखा प्राणघातक रोगही येत असणार आणि साधे स्नायूंचे आखडणेही. निखळलेला सांधा डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो. म्हणून त्यावरचा उपाय हजारो वर्षे टिकला. न दिसणाऱ्या दुखण्याच्या बाबतीत असे झाले नाही, आणि खरी गुंतागुंत तेथूनच सुरू होते.

भारतात दातांचे शास्त्र शिकवणारी पहिली संस्था निघाली ती कोलकात्यात. पूर्व बंगालात २४ डिसेंबर १८९० रोजी जन्मलेले रफीउद्दीन अहमद अमेरिकेला गेले, १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली, बोस्टनच्या फॉरसाइथ दवाखान्यात मुलांचे दात तपासण्याचे काम केले आणि १९१९ मध्ये परतले. १९२० साली त्यांनी दंत महाविद्यालय काढले. सरकारी अनुदान नव्हते; ‘न्यू यॉर्क सोडा फाउंटन’ या आपल्या शीतपेयांच्या दुकानाच्या मिळकतीतून त्यांनी ते चालवले. दातांना अपायकारक गोड पेयांच्या पैशांतून दातांचे महाविद्यालय उभे राहिले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. १९२५ मध्ये त्यांनी ‘इंडियन डेंटल जर्नल’ सुरू केले, १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९४९ मध्ये महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. मुंबईत १९२३ साली दवाखाना उघडणाऱ्या फातिमा जिना याच संस्थेत शिकल्या होत्या. मुंबईचे स्वतःचे नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले, आणि दंतवैद्यकाचा व्यवसाय कायद्याच्या चौकटीत आणणारा देशव्यापी कायदा १९४८ मध्ये झाला. त्याआधी दात काढणारा माणूस कोण, तो काय शिकला आहे, हे विचारण्याची सोय देशाच्या बहुतेक भागांत रुग्णाला नव्हतीच.

ही संस्था रुजत होती त्याच काळात जबड्याच्या सांध्याविषयीचा आधुनिक वाद जन्माला आला. १९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइसचे जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांवर आधारलेला एक लेख प्रसिद्ध केला. कॉस्टेन दंतवैद्य नव्हते. कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. कान दुखणे, कानात दडे बसणे, चक्कर, डोकेदुखी अशी लक्षणे घेऊन आलेल्या रुग्णांचे कान निरोगी असत, मात्र दाढा पडलेल्या असत. त्यांनी अनुमान काढले की दाढा गेल्याने जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचे टोक मागे सरकून कानाजवळच्या नसांवर दाब देते, आणि हीच सर्व लक्षणांची जननी. अनुमान आकर्षक होते, कारण ते यांत्रिक होते. खांब खचला की तुळई कलते, हे कोणालाही पटते. १९४८ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिकर यांनी दाखवून दिले की हाडांची व नसांची मांडणी पाहता असा दाब पडणे शक्यच नाही. पण तोवर कल्पना दवाखान्यांत स्थिरावली होती. दुखणाऱ्या जबड्याचे खापर दातांच्या जुळणीवर फुटू लागले, आणि चांगले दात घासून जुळणी ‘सुधारणे’ हा उपचार होऊन बसला.

दातांवरच संशय का यावा? याचे एक कारण, मला वाटते, क्ष-किरणांत आहे. रॉन्टगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण शोधले. पुढच्याच जानेवारीत जर्मनीतील ऑटो वॉकहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. कोलकात्यातही प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी क्ष-किरणांची सामग्री जुळवली होती. आज दंत महाविद्यालयाला ज्या रस्त्याचा पत्ता आहे, तो त्यांच्याच नावाचा आहे. क्ष-किरणचित्र ही मुळात सावली. दाट वस्तू ठळक उमटतात, विरळ वस्तू उमटतच नाहीत. दात उत्तम दिसतात, हाड बरे दिसते. चकती आणि स्नायू जवळपास अदृश्य राहतात. शिवाय कानामागील कवटीचे जाड हाड नेमके या सांध्यावर सावली टाकते, म्हणून चित्र तिरक्या कोनातून घ्यावे लागते आणि कोन बदलला की सांध्याचा आकारही बदलल्यासारखा भासतो. जे दिसत होते त्यातच कारण शोधले गेले. अंधाऱ्या अंगणात हरवलेली सुई दिव्याखाली शोधणाऱ्या म्हातारीपेक्षा शास्त्रज्ञ नेहमीच शहाणे असतात असे नाही.

चकतीचा प्रश्न पूर्वी कोणालाच सुचला नव्हता असे नव्हे. एडिंबराचे शल्यविशारद थॉमस अ‍ॅनांडेल यांनी १८८७ मध्येच जागा सोडलेली चकती टाके घालून बसवल्याची नोंद केली होती. पण ती जिवंत माणसात, शस्त्रक्रियेविना दिसू लागली १९४७ च्या सुमारास, जेव्हा डेन्मार्कच्या फ्लेमिंग नोरगार्ड यांनी सांध्यात रंगद्रव्य टोचून क्ष-किरणचित्रे घेतली. १९७० च्या दशकात ही पद्धत पुन्हा पुढे आली आणि एक नवे स्पष्टीकरण रूढ झाले : चकती पुढे सरकते, टोक तिच्यावर चढताना ‘टक्’ आवाज होतो, आणि ती अडकली की तोंड उघडत नाही. पुढे एमआरआय आला. चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रे विशिष्ट कंप्रतेला प्रतिसाद देतात, हे ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ मध्ये दाखवले होते. त्या प्रतिसादातून चित्र तयार करण्याची युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. १९८० च्या दशकाच्या मध्यास या सांध्याची चित्रे मिळू लागली. सुई नाही, किरणोत्सार नाही, आणि चकती लख्ख दिसते! पदार्थविज्ञानाच्या माणसाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट.

परंतु त्याच चित्रांनी एक अवघड सत्यही समोर आणले. ज्यांना काहीच त्रास नव्हता अशा स्वयंसेवकांचे एमआरआय काढले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांच्या चकत्या जागेवरून सरकलेल्या आढळल्या. म्हणजे चकती सरकणे आणि दुखणे या दोन गोष्टी एकत्र असू शकतात, पण पहिलीमुळेच दुसरी होते असे नाही. मापन अचूक होते. त्यातून काढलेला अर्थ अचूक नव्हता.

हा भेद ध्यानात येण्याआधी एक मोठा अनर्थ होऊन गेला होता. ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीने चकतीच्या जागी बसवण्यासाठी प्रोप्लास्ट व टेफ्लॉन यांचा एक कृत्रिम तुकडा बनवला, आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या विक्रीला वाट मोकळी केली. हजारो जबड्यांत तो बसवला गेला. चावण्याच्या दाबाखाली टेफ्लॉन झिजले, त्याचे सूक्ष्म कण सांध्यात पसरले, शरीराने त्यांवर हल्ला चढवला आणि त्या धुमश्चक्रीत रुग्णाचे स्वतःचे हाड झिजत गेले. काहींच्या बाबतीत कवटीच्या तळापर्यंत. १९९० मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, प्रशासनाने इशारा दिला आणि पुढच्या वर्षी ते तुकडे परत मागवले. साध्या दुखण्यासाठी गेलेल्या कित्येक स्त्रियांना त्यानंतर एकामागून एक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. सर्वांत खेदाची बाब ही की टेफ्लॉन असे झिजते हे ठाऊक होते. इंग्लंडचे जॉन चार्न्ली यांनी १९५८ नंतर काही वर्षे खुब्याच्या कृत्रिम सांध्यांत टेफ्लॉन वापरले होते. ते झिजून कणांमुळे सांधे निकामी झाले, आणि चार्न्ली यांनी हे अपयश उघडपणे मांडून टेफ्लॉनचा त्याग केला होता. खुब्याचा धडा जबड्यापर्यंत पोहोचायला पंचवीस वर्षे पुरली नाहीत.

याच सुमारास दुसरीकडे एक शांत, पण मूलगामी विचार आकार घेत होता. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लाझ्लो श्वार्ट्झ यांनी १९४९ पासून अशा रुग्णांसाठी स्वतंत्र चिकित्सालय चालवले आणि दुखणे सांध्याइतकेच चावण्याच्या स्नायूंतही असते हे निदर्शनास आणले. डॅनियल लास्किन यांनी १९६९ मध्ये तो विचार पुढे नेला : ताण, दात खाण्याची सवय, स्नायूंचा थकवा. १९७६ मध्ये लास्किन, ग्रीन आणि गुडमन यांनी एक साधा, निर्भीड प्रयोग प्रसिद्ध केला. २५ रुग्णांवर दात घासण्याचा केवळ देखावा केला. यंत्र फिरले, आवाज झाला, पण दातांची जुळणी जशीच्या तशी राहिली. तरीही जवळजवळ दोन तृतीयांश रुग्णांना पूर्ण किंवा बहुतांश आराम पडला. याचा अर्थ त्यांचे दुखणे खोटे होते असा मुळीच नाही. अर्थ एवढाच, की यातील बरीच दुखणी काळानुसार, धीर दिल्याने, विश्रांतीने उतरतात. आणि त्याच काळात केलेल्या उपचाराला फुकटचे श्रेय मिळते. घासलेले दात मात्र पुन्हा उगवत नाहीत.

१९९२ मध्ये ड्वॉर्किन आणि लरेश यांनी निदानाचे समान निकष मांडले. २०१४ मध्ये ते सुधारले गेले. त्यांची दोन अंगे आहेत. एकात स्नायू, चकती, सांधा यांची तपासणी. दुसऱ्यात वेदना माणसाच्या झोपेवर, कामावर, मनावर काय परिणाम करते याची विचारपूस. २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. जबड्याचे देखरेखीखालील व्यायाम, हातांनी स्नायू मोकळे करणे, वेदनेकडे पाहण्याची रीत बदलणारे मानसोपचार, घरी करायचे ताण आणि नीट समजावून सांगणे, यांना त्यांनी ठाम पाठिंबा दिला. दातांची जुळणी कायमची बदलणाऱ्या पट्ट्या आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांना तितकाच ठाम विरोध केला. रात्री लावायच्या साध्या पट्टीबद्दल दंतवैद्यांत अजून मतभेद आहेत. पण ती निदान काढून ठेवता येते.

आता पुन्हा आपल्या भूमीकडे वळू. कारण येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाश्चात्त्य पुस्तकांतील रुग्ण बहुधा वेदनेने त्रस्त असतो. आपल्याकडचा अनेकदा तोंडच उघडत नाही म्हणून येतो, आणि त्याची कारणे निराळी असू शकतात. लहानपणी हनुवटीवर पडल्याने किंवा कानाच्या जंतुसंसर्गाने सांध्याची हाडे एकमेकांना जुळून जातात. अशा मुलाचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते, झोपेत श्वास अडकतो. येथे व्यायाम पुरत नाही. जुळलेले हाड शस्त्रक्रियेने सोडवावेच लागते, आणि त्यानंतर मात्र महिनोन्‌महिने नेटाने व्यायाम केला नाही तर ते पुन्हा जुळते.

दुसरे कारण आपल्या पानदानात आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्याच दुसऱ्या एका दंतवैद्याने केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील पांढुरके, ताठरलेले अस्तर नोंदवले. १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्या विकाराला आज रूढ असलेले नाव दिले : ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. १९६६ मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या टाटा कर्करोग संशोधनातील सत्यवती सिरसाट यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात, गाल चामड्यासारखा होतो आणि तोंड दरवर्षी थोडे थोडे मिटत जाते. पुढे काहींना कर्करोगही होतो. पिंडबोर्ग यांच्यासह फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आणि हे काम कोणत्या संस्थेचे? होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधन विभागाचे! विश्वकिरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने खेड्यातल्या माणसाच्या तोंडात डोकावण्याचे काम आपले मानले, ही गोष्ट आम्हा भौतिकीवाल्यांनी विसरू नये.

म्हणून बजबजच्या तागगिरणीतला, गालात सुपारी धरून पाळी भरणारा कामगार ‘तोंड उघडत नाही’ म्हणून आला, तर एमआरआयच्या आधी गालाला बोट लावून पाहायला हवे. अस्तर मऊ आहे की ताठ? तोंड किती मिलिमीटर उघडते? हलक्या हाताने आणखी उघडले तर वाढते का? उघडताना जबडा एका बाजूला वळतो का? पडल्याचा, कान फुटल्याचा इतिहास आहे का? या पाच प्रश्नांना मोजपट्टी, हातमोजा आणि दहा मिनिटे पुरतात, आणि स्नायू, चकती, जुळलेले हाड व सुपारी यांची पहिली चाळणी त्यांतूनच होते. किमती चित्रे नंतर, एखादा संशय पडताळायचा असेल तेव्हा.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाचा जबडा नुसता ‘टक्’ वाजत असेल आणि दुखत नसेल, तर बहुधा काहीही करावे लागत नाही. दुखत असेल तर काही दिवस मऊ खाणे, शेक देणे, दातांवर दात न धरणे आणि दंतवैद्याला दाखवणे. त्याने दात घासण्याचा किंवा सांधा उघडण्याचा सल्ला दिला, तर एक प्रश्न संकोच न करता विचारावा : ‘डॉक्टर, हे केलेले पुढे मागे घेता येईल का?’ उत्तर नकारार्थी असेल तर दुसरा सल्ला घ्यायला वेळ असतो. हे दुखणे सहसा तेवढी सवड देते. पण तोंड दर महिन्याला कमी उघडत असेल, गाल ताठ लागत असेल किंवा मुलाची हनुवटी वाढत नसेल, तर मात्र थांबू नये. सियालदहची पुढची लोकल पकडावी.